दोन तृतीयांशांच्या वर

तळाशीलला नेटवर्क येतं ते एकाच ठिकाणी,
पालथ्या होडीच्या पाठीवर उभं राहिलं तर.
मी तिथं उभी. खाली रापण ओढतायत.
एका अंगाला खाडी, एका अंगाला समुद्र,
मधे वाळूची एवढीशी पट्टी
आणि दोन दोरांवर चौतीस माणसं.

पुण्यात माझी माणसं आठच असतात.
आठ फिरक्या एका ओळीत, कागदावर.
प्रत्येकीचं तोंड शेजारणीच्या उलट,
आणि एकीला विचारलं
की दुसरीचं उत्तर बरंचसं ठरून जातं.
विचारण्याआधी मात्र दोघींकडेही उत्तर नसतं.
हे मी रुक्माआतेला तीनदा सांगितलं.
"जावाजावांसारख्या," ती म्हणाली
आणि बांगडे निवडत राहिली.

लहानपणी याच वाळूत मी
फुटक्या स्पीकरचं चुंबक ओढत न्यायचे,
त्याला काळी लव फुटायची.
बाबा म्हणायचे, झाड ती, घरात आणू नको.
मी आणलीच.

"मगे आता माणूस धाडूक येता काय तुका?"
माणूस नाही गं. बांगडासुद्धा नाही.
एका कणाची नुसती अवस्था.
कण असतो तिथंच राहतो,
पण होता तसा उरत नाही.
इथलं पुसलं जातं, तरच तिथं उमटतं.
दोन प्रती होत नाहीत. एकच,
ती एक तर इथं, नाहीतर तिथं.
आणि तिथंही सरळ वाचता येत नाही.
इथून कुणीतरी कळवावं लागतं:
राहू दे तसंच,
किंवा उलटं कर,
किंवा चिन्ह बदल,
किंवा दोन्ही.
एवढंच, पण साध्या वाटेनं.
तारेनं, चिठ्ठीनं, कशानंही.

"म्हणजे फोन करूकच लागता."
आतेचा हात थांबला.
"तुझ्या बापाशीन तेवढाच केल्यान नाय."

साडेतीन वर्षं बाबा वास्कोच्या ट्रॉलरवर होते.
परतले तेव्हा आवाज बसलेला, चहा बिनसाखरेचा,
दोर धरायची तऱ्हा तेवढी जुनी.
मधल्या वर्षांचं आम्हांला कुणी कळवलंच नाही,
काय उलटं करून वाचायचं, काय तसंच ठेवायचं.
आम्ही अंदाजानं वाचलं.
चुकीचंच वाचलं असणार.

दोरावरची नववी जागा त्यांची.
ते गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी
जो तो अर्धं पाऊल पुढे सरकला
आणि जागा दिसेनाशी झाली.
मला राग आला होता त्याचा.
माझ्या साखळीतून मधली एक काढा,
अलीकडच्यांना पलीकडच्या कळत नाहीत,
कितीही जवळ सरका कागदावर.
इथं जाळं आलंच किनाऱ्याला. मासळीही बरी होती.

आतेच्या घरी गुंता म्हणजे काम,
सुईनं, दातांनी, संध्याकाळभर सोडवायचं.
माझी भाकरी तो राखण्यावर.
जरा ऊब लागली की सुटतो,
आणि सुटला की परत बांधता येत नाही,
म्हणून आमचा यंत्रातला गारवा असा
की मालवणचा बर्फाचा कारखाना त्यापुढे वैशाख.

होडीच्या पाठीवर फोन थरथरला.
फरहीनचा निरोप, एकच आकडा:
०.७१.

खाली वाटे पडत होते.
आमच्या रापणीत तीनातले दोन ओढणाऱ्यांचे,
एक होडीचा आणि जाळ्याचा.
आमच्याकडेही हिशेब तीनातल्या दोनचाच.
तेवढं तर गुंत्याशिवायही साधतं,
नुसतं मोजून, नुसतं कळवून.
त्याच्या वर जे येईल ते गुंत्याचं.

"किती इला?"
तीनातल्या दोनच्या जरा वर.
"जरा म्हणजे?"
शंभरातले चार.

आतेनं राशीतून चार बांगडे उचलले,
वेगळे ठेवले फळीवर.
"ह्ये?"
हे.
"सात वर्सां?"
सात.

तिनं काही म्हटलं नाही.
टोपलीतला बर्फ ओंजळीनं काढला
आणि त्या चारांवर घातला.